सही करण्याआधी एक प्रश्न विचारा

घरातल्या कर्त्या माणसाची महाधमनी फुगली आहे, ऑपरेशन करावे लागेल, असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: माणूस वाचेल ना? संमतीपत्रावर सही करण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू कसा सांभाळणार?

महाधमनी हृदयातून निघून छातीतून पोटात उतरते. वाटेत तिला फुटणाऱ्या बारीक शाखा मज्जारज्जूला रक्त पुरवतात. फुगलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवताना महाधमनीला चिमटे लावावे लागतात. तेवढा वेळ मज्जारज्जूचे रक्त तुटते. मग माणूस वाचूनही कमरेखाली लुळा पडू शकतो. फुगवटा मूत्रपिंडांच्या खाली असेल तर हा धोका फारच कमी. छातीपासून पोटापर्यंत असेल तर मोठा. स्टेंट घालून लांब भाग झाकला तरी धोका राहतोच.

अमेरिकेतील ह्यूस्टनच्या सर्जनांनी १९९३ साली अशा १,५०९ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतील १६ टक्के रुग्णांच्या पायांतली शक्ती पूर्ण किंवा काही अंशी गेली होती.

यावर उपाय निघाला. कमरेतून बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी बेताने काढतात. बाहेरचा दाब उतरला की रक्ताला आत शिरायला वाट मिळते. ह्यूस्टनलाच १४५ रुग्णांवर याची पारख झाली. २००२ साली निकाल आला: नळी नसलेल्यांत १३ टक्के, नळी असलेल्यांत २.६ टक्के रुग्णांचे पाय गेले. मात्र पाणी फार झपाट्याने काढले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तिथे सतत लक्ष हवे. यंत्राने खालच्या अंगाला रक्त देणे, शरीर थोडे थंड ठेवणे, मोठ्या शाखा नव्या नळीला जोडणे, हे उपायही सोबत करतात.

घरच्यांचे काम ऑपरेशननंतरही संपत नाही. शुद्धीवर आल्यावर पाय हलवणारा रुग्ण काही तासांनी, काही दिवसांनीही लुळा पडू शकतो. पाय जड वाटतात, असे तो म्हणाला तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी नर्सला उठवा. रक्तदाब वाढवून आणि पाणी काढून काहींचे पाय परत येतात.

मोठा माणूस सांगतो एवढ्यावर मान डोलावू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना शिकवले. डॉक्टरांचा मान राखूनही आपल्याला विचारता येते. ज्याच्या पायांवर घर उभे आहे, त्याच्यासाठी तेवढे विचारलेच पाहिजे.