नियम बदलले तेव्हा

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन कमला भागवत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाताई मागे हटल्या नाहीत. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, काम पाहून ठरवू, या अटीवर त्यांना घेतलं गेलं. वर्षभरात रामन यांचं मत पालटलं आणि पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. याच कमला, लग्नानंतरच्या सोहोनी, १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. तिथलं संचालकपद मात्र त्यांना उशिराच मिळालं.

नागपूरच्या कुमुद सोमकुवर यांच्या वाटेत जातही आडवी होती. दलित मुलीने संस्कृत शिकावं हेच अनेकांना खुपत होतं. एम.ए. होऊनही नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न होऊन पावडे आडनाव लागलं, तेव्हा ती मिळाली. पात्रता तीच, बाई तीच. ‘अंतःस्फोट’ या आपल्या पुस्तकात कुमुदताईंनी हे रोखठोक मांडलं आहे.

पुढच्या पिढ्यांतल्या स्त्रियांना महाविद्यालयांत नोकरी मिळू लागली, आणि अडचण बढतीपाशी येऊन थांबली. बढतीसाठी उद्बोधन वर्ग हवा, उजळणी वर्ग हवा. त्यासाठी तेव्हा तीन-चार आठवडे परगावी राहावं लागायचं. तान्हं मूल घरी ठेवून कसं जायचं? कुणी आईला, कुणी सासूला सोबत घेऊन वसतिगृहात राहिल्या. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत धावत जाऊन बाळाला पाजून आल्या. ज्यांना हे जमलं नाही त्यांचा वर्ग राहिला, वर्गामुळे बढती राहिली. पीएच.डी.ची मुदतही नेमकी बाळंतपणाच्या वयातच धावत असते.

यातलं काही बदललं ते नियम बदलले तेव्हा. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधक स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. २०१७ मध्ये कायद्याने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. उच्चशिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये १०० पुरुष अध्यापकांमागे ६३ स्त्रिया होत्या, २०२१-२२ मध्ये ७७ झाल्या. वरच्या पदांकडे जावं तशा त्या अजूनही कमी होत जातात.

पण कायद्याने वाढवलेली ही प्रसूती रजा प्रत्यक्षात नियमित पगारी नोकरीत असणाऱ्यांपुरतीच राहते. महाराष्ट्रात अध्यापकांची अनेक कायम पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर आहे. घेतलेल्या तासाचेच पैसे, मे महिन्यात काहीच नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अशी सेट-नेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली बाई बाळंतपणासाठी थांबली की तिचे तास दुसऱ्याला जातात, आणि तिच्या अनुभवाची वर्षंही तुटतात.

आपण कमलाताईंचं, कुमुदताईंचं धैर्य गौरवतो आणि ते योग्यच आहे. परंतु नोकरी टिकवायला प्रत्येकीला असामान्य धैर्य लागत असेल, तर दोष व्यवस्थेचा आहे. रिकाम्या जागा भरा, तासिकेवरच्या अध्यापिकांना पगारी प्रसूती रजा द्या, त्यांची खंडित वर्षं सेवेत धरा. साध्या, कष्टाळू बाईलाही प्राध्यापक होऊन सन्मानाने निवृत्त होता आलं पाहिजे.