दारापर्यंतच्या पायऱ्या

सकाळी ६.१५
वारज्यातलं स्वयंपाकघर. गॅसवर कुकर, ओट्यावर डब्याला टेकवलेला फोन. पलीकडे कॅलिफोर्नियातलं जोडपं. तिथं आदल्या दिवसाची संध्याकाळ, पावणेसहा. त्यांना बालेवाडीत टू बीएचके घ्यायचाय, कराडला राहणाऱ्या आई-बाबांसाठी. बिल्डरची व्हर्च्युअल टूर इतक्यांदा बघून झालीय की पलंग कुठं, देवघर कुठं, सगळं ठरलंय. "ताई, घर आम्हाला पाठ आहे. तसंच आहे ना, तेवढं बघा," सून म्हणते. ताई डायरीत विंग, मजला, फ्लॅट नंबर लिहून घेतात. मग विचारतात, "आईंचे गुडघे कसे आहेत?"

परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी घर बघून येणं, हे ताईंचं काम. पूर्वी त्या एका साइट ऑफिसात नोकरीला होत्या. आता एका घराचे दीड हजार घेतात. त्यात व्हिडिओ, मोजमापं, लेखी टिपण. सौदा झाला तरी तेवढेच, मोडला तरी तेवढेच. दलाली घेत नाहीत.

८.३०
पिशवी भरतात. लेझर टेप, टेस्टर, चार्जर, पॉवर बँक, काचेची गोटी, पाच रुपयांचं जुनं जाड नाणं. गोटी फरशीवर सोडली की उतार कळतो. नाण्यानं ठोकलं की पोकळ टाइल वेगळी वाजते. चार्जर प्रत्येक प्लगमध्ये घालून बघायचा.

जुलै आहे. रेनकोट चढवून स्कूटर बाहेर काढतात. दोनशेचं पेट्रोल. पावसाळ्यात त्या मुद्दाम जास्त कामं घेतात. भिंत काय लपवते ते आत्ताच दिसतं.

९.४५
वाकड. जुना फ्लॅट, रीसेल. गिऱ्हाईक दुबईत, तिथं सव्वाआठ. व्हिडिओ कॉल सोसायटीच्या फाटकावर सुरू होतो. नावाची पाटी, लिफ्ट, मजल्याचा आकडा, दाराचा नंबर, सगळं सलग. मधे फोन खाली करायचा नाही. दाखवलेलं घर आणि कागदावरचं घर एकच आहे, हे त्यातूनच पटतं.

हॉल मोजून झाला. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून जाळीकडे बघत उभ्या राहतात. पाणी निघून जातं. बेडरूममध्ये तीन भिंतींचा रंग जुना, चौथीचा कोरा. ताई तळहात टेकवतात. गार, ओलसर. खालच्या कोपऱ्यात पापुद्रा सुटलाय.

"पावसाळ्यात सगळीकडंच असतं हो," एजंट म्हणतो.

ताई वाद घालत नाहीत. कॅमेरा त्या कोपऱ्यावर नेतात आणि धरून ठेवतात.

११.१५
फाटकाबाहेर चहा, पंधरा रुपये. कामाच्या बायका बाहेर पडतायत. ताई त्यांना गाठतात. पाणी किती वेळ येतं? उन्हाळ्यात टँकर किती? लिफ्ट बंद पडते का? एकजण सांगते, एप्रिलपासून रोज टँकर, आणि मागची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद. टिपणात दोन ओळी वाढतात.

१२.३०
खानावळीत राइस प्लेट, नव्वद रुपये. एका हातानं जेवण, दुसऱ्या हातानं फोन. बालेवाडीच्या प्रकल्पाचा नंबर महारेराच्या साइटवर टाकतात. मंजूर नकाशा उघडून फ्लॅटचा चटई क्षेत्राचा आकडा माहितीपत्रकाशी ताडतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं आहे, म्हणजे जीएसटी लागणार नाही. मग नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू. त्याच इमारतीतले आधीचे फ्लॅट किती रकमेला नोंदले गेले, ते तिथं दिसतं. साइट दोनदा अडकते. ताई पुन्हा आकडे भरतात.

२.४५
कराडचे काका वाकडच्या पुलाखाली उतरतात. मुंबईकडं जाणारी एसटी धरून आलेत. वय एकाहत्तर, त्यामुळं अर्धं तिकीट. हातात छत्री, पिशवीत पोरासाठी जपून ठेवलेले छापील फोटो. ताई त्यांना रिक्षात बसवतात आणि स्कूटरवर पुढं निघतात.

३.२०
बालेवाडी. इमारत देखणी आहे. लॉबीत जाताना काका थांबतात आणि खाली बघतात. सहा पायऱ्या. कठडा नाही, रॅम्प नाही. छत्री टेकवत ते चढतात. वर पोचून म्हणतात, "हिला हितनं रोज कसं न्यायचं वो?"

टूर सुरू होते फ्लॅटच्या दारातून. या पायऱ्या त्यात कधी आल्याच नाहीत.

फ्लॅट मात्र चांगला. मापं जुळतात. गोटी जागच्या जागी राहते. टाइल एकसारख्या वाजतात. काका खिडकी उघडून वाण्याचं दुकान शोधतात. सेल्समधला मुलगा सांगतो, पार्किंगमधून लिफ्ट थेट वर येते. काका विचारतात, "आम्ही चालत बाहेर जायचं म्हणलं तर?" उत्तर पायऱ्यांपाशीच येतं. मागच्या विंगला रॅम्प आहे, पण तिथला एकच फ्लॅट शिल्लक आहे, पश्चिमेचा. ताई तोही बघायला लावतात. तिथंही गोटी, नाणं, चार्जर, सगळं नव्यानं.

५.००
चहा घेताना ताई काकांना कागदांचं सांगतात. मुलगा येऊ शकत नाही, तर काकांच्या नावे मुखत्यारपत्र लागेल. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं. राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. घराचं मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के. नव्वद लाखांच्या घराला सहा लाख तीस हजार. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे नव्वद हजार वाचतात. नोंदणी फी वेगळी, जास्तीत जास्त तीस हजार.

"मग सुनेच्याच नावावर हू दे की," काका म्हणतात.

७.१०
घरी. दुबईचा फोन. भिंतीसाठी किती कमी करायला सांगू, असं गिऱ्हाईक विचारतं. ताई म्हणतात, आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला नेऊन खर्च काढा, मग बोला. लंडनहून एक नवा फोन येतो. मुळशीत शेतजमीन बघाल का? ताई तिथंच थांबवतात. अनिवासी भारतीयाला फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही.

८.३०
कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. ताईंचं टिपण पोचलंय. पहिली ओळ पायऱ्यांची. सून बराच वेळ गप्प. मग मुलगा म्हणतो, "मागच्या विंगचे कागद बघू या, ताई." पंधराशे जमा झाल्याचा मेसेज येतो.

१०.००
हिशेब. दोन कामांचे तीन हजार. पश्चिमेच्या फ्लॅटचे वेगळे लावले नाहीत. पेट्रोल, दोन चहा, जेवण वजा जाता दोन हजार सहाशे ऐंशी. उद्या काम नाही. परवा एक आहे.

परदेशातून घर घेणाऱ्यांनी टूर जरूर पाहावी. वीस घरांतून तीन निवडायला ती उपयोगी आहे. पण टोकन पाठवण्याआधी आपलं एक माणूस रस्त्यापासून दारापर्यंत चालत जाऊ द्या, जमलं तर पावसात. घर बिल्डरचं असेल, तर करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम तो कायद्यानं मागू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि त्या घरात जे राहणार आहेत, त्यांना शक्य असेल तर तेच जाऊ द्यात.