लोकगीताच्या वहीत सापडणारी तारीख

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका ज्युनिअरने सरळच विचारलं, "लोककथेला ना लेखक, ना तारीख. मग तिच्यातून इतिहास कसा काय कळणार?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर सेमिनारच्या तयारीसाठी वाचत गेले आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. गोष्टीला तारीख नसेल, पण ती ज्या दिवशी कोणीतरी उतरवून घेतली, त्या दिवसाला असते. सांगणारा कोण, लिहिणारा कोण आणि लिहिताना काय गाळलं, हे तीन प्रश्न कुठल्याही संग्रहाला विचारले, की तो आपल्या काळाबद्दल बोलायला लागतो. तीन उदाहरणं देते.

पहिलं 1868 चं. 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक लंडनला छापलं गेलं. कव्हरवर नाव मेरी फ्रिअरचं. ती मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. 1865-66 च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर ती दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होती. शेकडो माणसांच्या त्या छावणीत तिच्या सोबतीला बाई म्हणून एकच, तिची आया अन्ना लिबेराता डिसूझा. वेळ जावा म्हणून मेरीने तिला गोष्ट सांगायला लावली आणि त्यातून पुस्तक झालं. त्याच्या नावात 'हिंदू' परीकथा असं आहे. सांगणारी मात्र कॅथलिक. तिच्या घराण्याचे पूर्वज लिंगायत होते, गोव्यात ते ख्रिस्ती झाले. धर्म बदलला तरी आजीच्या गोष्टी बदलल्या नाहीत, हे मला स्वतःला फार जवळचं वाटतं.

गंमत म्हणजे या पुस्तकात परीकथांबरोबर अन्नाची स्वतःची हकिगतही आहे. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते आणि खडकीच्या लढाईत होते, हे ती सांगते. पूर्वीची स्वस्ताई आठवून आताच्या महागाईबद्दल कुरकुर करते. आता हे 1860 चं दशक आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्याबरोबर धान्यही महागलं होतं. म्हणजे राक्षस-राजकन्यांच्या पुस्तकात एका आयाच्या तोंडून बाजारभावाचा इतिहास येऊन बसलाय! अलीकडे लीला प्रसाद यांनी 2020 च्या त्यांच्या पुस्तकात अन्नावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. दीडशे वर्षांनी का होईना, सांगणारीची दखल घेतली गेली.

दुसरं उदाहरण आपल्या मध्य प्रदेशातलं, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची वेरियर एल्विनशी मैत्री झाली. 1932 मध्ये दोघं मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले आणि पुढे पाटनगढला स्थिरावले. 1935 चं 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' आणि 1944 चं 'फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स' हे दोघांचे गीतसंग्रह. पहिल्यावर हिवाळ्यांचं नाव आधी आहे, दुसऱ्यावर नंतर. आज एल्विन सगळ्यांना माहीत असतो. हिवाळे आपल्या मराठी वर्गातसुद्धा माहीत नसतात.

त्या काळात या भागातून गोळा झालेल्या गाण्यांत प्रेमगीतं खूप आहेत. पण मधूनच जमीनदार, कोतवार आणि इंग्रजी राज्यात जगणं किती अवघड झालं याचीही गाणी भेटतात. त्यामागे जंगलाचे कायदे आहेत. झाडं तोडून-जाळून राखेत पेरायच्या शेतीला इथे बेवार म्हणतात. 1890 मध्ये सरकारने बैगांना ती 'बैगा चक' एवढ्याच पट्ट्यापुरती ठेवली. गॅझेटमध्ये हे नियम म्हणून येतं, गाण्यात भूक म्हणून येतं.

आणि लिहिणाऱ्याचा काळ? 1940 च्या आसपास आदिवासींचं काय करायचं यावर जोरात वाद चालू होता. मुंबई विद्यापीठातले प्रा. गो. स. घुर्ये 1943 मध्ये लिहीत होते की हे मागे राहिलेले हिंदूच आहेत. एल्विनचं म्हणणं होतं, त्यांना त्यांच्या पद्धतीने जगू द्या. या वादात 'हे लोक कवी आहेत' असं दाखवणारा गीतसंग्रह हीसुद्धा एक बाजूच होती. संग्रह खोटा होता असं मी म्हणत नाही. पण शेकडो गाण्यांतून कुठली निवडायची हे ठरवताना तो वाद त्यांच्या मनात असणारच. शिवाय गाणी छापली गेली मुख्यतः इंग्रजी भाषांतरात. अर्थ उरला, पण गाणारीचे मूळ शब्द बरेचसे निसटले.

हिवाळ्यांनी 1946 मध्ये परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. परधान म्हणजे बाना वाजवत गोंड यजमानांच्या घरी जाऊन त्यांच्या पूर्वजांच्या, राजांच्या कथा गाणारे. गढा-मंडलाचं गोंड राज्य 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी बुडवलं, हेही आपण मराठी लोकांनी लक्षात ठेवावं. राज्य गेलं, पुढे यजमान गरीब झाले, गाणाऱ्यांचा आधार सुटत गेला. त्याच पाटनगढच्या परधान घरातला जनगढ सिंह श्याम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात आला. बान्यावर गायल्या जाणाऱ्या देवांना त्याने रंगात आणलं. जनजातीय संग्रहालयात आपण ज्या चित्रांपुढे सेल्फी काढतो, त्यांच्या मागे ही सगळी गोष्ट आहे.

तिसरं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या पुण्याच्या जोडप्याने 1980 च्या दशकापासून गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी 1990 च्या दशकात रेकॉर्डिंग सुरू केलं. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ऐकता येतात. इथे ओवी मराठीतच आहे आणि तिच्यासोबत गाणारीचं नाव, गाव, बहुतेकदा फोटोही आहे. माहेर-सासर, विठ्ठल, मुंबईच्या गिरणीत गेलेला नवरा आणि बाबासाहेब, सगळं त्यात आहे. 1956 नंतर दलित बायकांनी जुन्याच चालीत नवा देव नाही, नवा नेता बसवला. पण हे काम सुरू झालं तेव्हा गावात पिठाची गिरणी येऊन जातं कोपऱ्यात गेलं होतं. बायका दळत नव्हत्या, आठवून गात होत्या. संग्रह बहुतेक वेळा असाच, गोष्ट हातातून सुटायला लागली की सुरू होतो.

हे वाचताना माझी आजी आठवत राहिली. ती श्रीरामपूरकडची, लग्न होऊन भोपाळला आली. पहाटे चहा ठेवताना ती मारियामातेवर ओवी म्हणायची, चाल तीच, जात्याची. मी तेव्हा शाळेत होते, मला लाज वाटायची, मैत्रिणी घरी आल्या की मी तिला गप्प बसायला सांगायचे. ती गेली. आता चाल आठवते, शब्द नाहीत. त्यासाठी कुठल्या साहेबाला दोष देता येत नाही, गाळणारी मीच होते.

तर त्या ज्युनिअरला माझं उत्तर हे. या सुट्टीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बस. मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण आधी विचारून. तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि आजची तारीख सुरुवातीलाच बोलून घे. ती ज्या भाषेत म्हणेल त्याच भाषेत उतरव, 'शुद्ध' करू नकोस. मध्येच ती गॅसच्या दराबद्दल बोलायला लागली तर रेकॉर्डिंग थांबवू नकोस. अन्नाची महागाईसुद्धा अशीच वाचली होती.