उकाई भरलेलं हवं की रिकामं?

ऑगस्ट लागला की सुरतेत आमच्याकडे सोन्याच्या भावासारखी उकाईची पातळी विचारली जाते. ३४५ फूट म्हणजे धरण काठोकाठ. तापीवरचं हे धरण १९७२ साली पुरं झालं, त्यात नंदुरबारकडचीही गावं बुडाली. सिंचन, वीज आणि पूर अडवणं, तिन्ही कामं एकट्या उकाईकडे. पण उसाला आणि ३०० मेगावॉटच्या वीजघराला ते भरलेलं हवं. पूर अडवायला रिकामं! म्हणून पावसाळ्यात कुठल्या तारखेला पाणी किती ठेवायचं, हे ठरवून दिलेलं असतं.

ऑगस्ट २००६मध्ये वरून लोंढा आला. सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. आधीच थोडं थोडं सोडलं असतं तर? हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर ऑगस्टात जागा मोकळी ठेवावीच, मग सप्टेंबर कोरडा गेला तर कालव्याखालचे शेतकरी बोल लावणार, हे धरूनच.

भुसावळच्या मावशीचा फोन येतो, "हतनूरचे दरवाजे उघडले गं!" ते पाणी पुढे उकाईतच येतं. आम्ही खालच्या मजल्यावरचं सामान वर न्यायला लागतो.