बंदूक हवी, पण कशासाठी?

बंदुकीच्या परवान्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच अमेरिकेची चर्चा सुरू होते. तिथल्या एखाद्या शाळेत गोळीबार होतो, आपण दूरदर्शनवर ती दृश्ये पाहतो, हळहळतो आणि "बरं झालं, आपल्याकडे असलं नाही," म्हणून वाहिनी बदलतो. पण सामान्य माणसाच्या हाती शस्त्र असावे की नसावे, हा वाद आपल्या भागाला मुळीच नवा नाही. आपल्या शेजारच्या एका गावाने तर त्यापायी १८५७ साली स्वतःची राखरांगोळी करून घेतली आहे.

ते गाव म्हणजे हलगली. आज ते बागलकोट जिल्ह्यात मुधोळ तालुक्यात येते. त्या काळी ते घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात होते. उत्तरेत उठाव सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने लोकांकडची शस्त्रे काढून घेण्याचा कायदा केला. हलगलीचे बेडर हे शिकारीवर आणि शिपाईगिरीवर जगणारे लोक. हत्यार म्हणजे त्यांची भाकरीही आणि अब्रूही. त्यांनी हत्यारे द्यायला साफ नकार दिला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज गावावर चालून आली, गावाला आग लावण्यात आली, आणि पुढे १९ जणांना फासावर चढवले. त्यांच्यावरची कन्नड लावणी आजही गायली जाते, शाळेच्या कन्नड पाठ्यपुस्तकातही ती आली. पुढच्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी बंड केले. दत्तकाची परवानगी नाकारल्याचा राग तर होताच, त्यात शस्त्रे जमा करण्याच्या हुकमाची भर पडली. त्यांना १२ जून १८५८ रोजी बेळगावात फाशी दिले. एकीकडे कन्नड बोलणारे बेडर, दुसरीकडे मराठी घराण्यातले संस्थानिक. भाषा वेगळी, पण सल एकच होता.

माझ्या वहिनींचे माहेर मुधोळ तालुक्यातले. त्यांना ही लावणी शाळेपासून पाठ आहे. आमच्या घरात मात्र बंदुकीच्या सर्वांत जास्त विरोधात कोणी असेल, तर त्या वहिनीच! ते कसे, हे पुढे येईलच. आधी कायद्याची गोष्ट.

हक्क की परवानगी?

इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा पक्का केला. त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट होती. लोकांना खरा डंख बसला तो या भेदभावाचा. म्हणून शस्त्र बाळगण्याची मोकळीक ही स्वातंत्र्याच्या चळवळीची मागणी बनली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग स्वातंत्र्य मिळाल्यावर तो हक्क राज्यघटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर चर्चा झाली. मंगळूरला जन्मलेले हरी विष्णू कामत यांनी, कराचीचा दाखला देऊन, शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे सनदी नोकरी सोडून नेताजींबरोबर गेलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की परक्या सरकारने सगळ्या देशाला निःशस्त्र केले होते तेव्हा ती मागणी रास्त होती. आता परिस्थिती बदलली आहे. वाटेल त्याला बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार घेण्याचा हक्क मिळाला, तर राज्य चालवणेच अशक्य होईल. कामतांची दुरुस्ती मंजूर झाली नाही.

आपल्या आणि अमेरिकेच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. तिथे १७९१ पासून शस्त्र हा घटनेतला हक्क आहे. बंदूक घेऊन घराबाहेर पडायला खास गरज दाखवावी लागेल, अशी न्यूयॉर्क राज्याची अट होती. ती अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे 'कशासाठी हवी?' हे सर्वसामान्य नागरिकाला विचारायचेच नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचा सगळा डोलारा मात्र त्याच प्रश्नावर उभा आहे. संरक्षणासाठी, खेळासाठी की पीक राखण्यासाठी, ते आधी सांगा. वय २१ पूर्ण हवे. चौकशी होणार. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाला तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. लग्नात, मिरवणुकीत हौस म्हणून बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

या नियमाला आपल्याच राज्यात एक मोठा अपवाद आहे. कोडगूमध्ये कोडव लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे. ती १८६१ पासून चालत आली. तिथे कैलपोळ्द सणाला बंदुकीची पूजा होते, जशी आपण खंडेनवमीला आणि कन्नड घरांत आयुधपूजेला अवजारांची करतो. केंद्र सरकारने ही सूट २०२९ पर्यंत वाढवली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडवांच्या हाती बंदूक आहे, तशी तिच्याभोवती कुळाची, वडीलधाऱ्यांची आणि रीतिरिवाजांची चौकटही आहे. ज्या गावात ही चौकट नाही, तिथे नुसती बंदूक नेऊन ठेवली तर काय होईल, याचा विचार सूट मागणाऱ्यांनी जरूर करावा.

खोपीतली बंदूक

आता आमच्या घरचे. आमची शेती खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. आप्पांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी बंदूक होती. भात पोटरीला आले की रानडुकरे, आणि ऊस वाढला की गवे. आप्पा रात्री खोपीत बसत आणि अधूनमधून हवेत बार काढत. आवाजाने जनावर पांगले की काम झाले. गव्याला मारणे हा गुन्हा आहे, हे त्यांना चांगले माहीत होते. डुकराच्या कळपाने एका रात्रीत वर्षाचे भात लोळवले म्हणजे काय होते, हेही त्यांना माहीत होते.

आप्पा गेल्यावर आम्ही ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. पुढे काय, यावर घरात चार दिवस चर्चा चालली. शेती कसतो तो दादा. तो म्हणाला, "वारस म्हणून माझ्या नावावर परवाना मागतो. रात्री जंगलाच्या कडेला तू येऊन बसणार आहेस का?" मी बेळगावात राहणारा, यावर काय बोलणार?

वहिनींनी मात्र एकच विचारले, "यातक्क बेकु?" कशासाठी हवी?

दादाला वाटले, त्यांना लावणीतल्या बेडरांची आठवण करून द्यावी. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्याकडून परक्यांनी हत्यार हिसकावून घेतलं होतं. तुम्हाला कोण हिसकावतंय? तुम्हाला तर स्वतःच ठरवायचंय. घरात दोन पोरं आहेत. बांधावरून चुलत्यांशी वर्षातून दोनदा भांडण होतं. दारू पिऊन येणारी माणसं गावात कमी नाहीत. काठी उगारली तर माणूस दवाखान्यात जातो. बंदूक उगारली तर पुन्हा समजूत घालायला कोण उरतं?"

मला हा मुद्दा सगळ्या आकडेवारीपेक्षा मोठा वाटतो. घरातल्या बंदुकीपासून चोराला जेवढी भीती, तेवढीच घरच्यांनाही असते. रागाचा किंवा निराशेचा एक क्षण सगळ्यांच्याच आयुष्यात येतो. त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पण दादाची बाजूही खोटी नव्हती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी विधानसभेची. जनावरांना आचारसंहिता कळत नाही. सगळे नियम पाळणारा शेतकरी तीन महिने फटाके आणि पत्र्याचे डबे वाजवत बसतो. भांडखोर, गुन्हा नावावर असलेला माणूस आणि जंगलाच्या कडेचा शेतकरी यांना एकाच मापाने मोजू नये, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. कुंपणाला मदत आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळाली, तर निम्म्या शेतकऱ्यांना बंदूक लागणारही नाही.

कायदा भल्यांनाच का?

यावर नेहमी एक सवाल येतो. परवाना घेणारे भले लोक अडकतात, गुन्हेगार तर गावठी पिस्तूल वापरतात, मग कायद्याचा उपयोग काय? ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळूरला गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोन्ही ठिकाणी एकच गावठी पिस्तूल वापरल्याचे तपासात पुढे आले. त्याला कुठला परवाना होता? खरे आहे. पण कलबुर्गींना घराच्या दारात गोळी घातली गेली, दार उघडता उघडता. त्यांच्या कपाटात परवान्याची बंदूक असती तरी तिचा काय उपयोग झाला असता? गावठी कट्ट्यांवरचा उपाय त्यांचे कारखाने आणि वाहतूक मोडून काढणे हा आहे. घरोघरी बंदुका वाटल्याने कट्टे कमी होणार नाहीत. उलट चोरीला जायला आणखी बंदुका तयार होतील.

शेवटी आमच्या घरी काय ठरले? दादाने अर्ज केला आहे, जिल्हाधिकारी कचेरीतून निर्णय यायचा आहे. पण वहिनींनी आपल्या अटी आधीच घातल्या. बंदूक कुलपाच्या लोखंडी ट्रंकेत. दारू आणि छर्रे वेगळ्या खोलीत. बंदुकीच्या कुलपाची किल्ली दादाकडे, दारूच्या कुलपाची वहिनींकडे. दोघांचे एकमत झाल्याशिवाय बंदूक शेतात जाणार नाही. सुगी संपली की ती पुन्हा ठाण्यात जमा. आणि गावात भांडण चालू असेल, तेव्हा किल्ली मिळणार नाही. दादाने कुरकुर केली, पण मान्य केले.

ज्या घरांत वडिलोपार्जित बंदूक आहे, त्यांनी एकदा तिन्हीसांजेला सगळ्यांनी मिळून बसावे. परवान्याची मुदत पाहावी. ती खरोखर लागते का, की केवळ आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर टांगली आहे, हे प्रामाणिकपणे बोलावे. लागत नसेल तर रीतसर जमा करावी, त्यात घराण्याला कमीपणा काही नाही. लागत असेल तर किल्ली कोणाकडे, हे ठरवावे. आणि ते ठरवताना घरातल्या बायकांना आधी बोलू द्यावे. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, प्रश्न त्यांना नेमका ठाऊक असतो.