वर्गातील पूजा आणि पूजेचे ज्ञान

दसरा जवळ आला की महाराष्ट्रातील अनेक शाळांत पाटीपूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते, तिला झेंडूचे फूल वाहिले जाते, मुले हात जोडतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. ज्यांनी बालपणी अशी पाटी पुजली आहे, त्यांच्या मनात या विधीविषयी माया असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच सणांची पूजा व प्रार्थना वर्गात शिकवाव्यात अशी मागणी करणाऱ्यांना कर्मठ ठरवून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. त्यांचे म्हणणे साधे आहे. अनेक घरांत आता आजी नाही, आईवडील दोघेही नोकरीवर असतात. आरतीचे शब्द मुलांच्या कानी पडतात, पण त्यांचा अर्थ सांगायला कोणाला सवड नसते. घराला जे देणे जमत नाही ते शाळेने द्यावे, असे पालकांना वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र शाळेने नेमके काय द्यायचे, पूजा की पूजेचे ज्ञान, हे आधी ठरवावे लागेल.

राज्यघटनेने हा भेद ओळखला आहे. अनुच्छेद २८ अन्वये सर्वस्वी सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला अशा शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) एखाद्या धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी शिक्षण देणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रमाच्या आराखड्यासंबंधीच्या निकालात धर्मांचा अभ्यास घटनाबाह्य नसल्याचे स्पष्ट केले. तेव्हा धर्माचे नावही शाळेत निघता कामा नये, अशी घटनेची आज्ञा आहे ही समजूत चुकीची होय.

पण ‘संमती’ हा शब्द कागदावर जितका सोपा, तितकाच वर्गात अवघड. सारा वर्ग हात जोडून उभा असताना एकट्याने हात खाली ठेवणे प्रौढालाही जड जाते. नाशिकमधील एका शिक्षकाला प्रार्थनेच्या वेळी हात न जोडण्याच्या हक्कासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१३ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. शिक्षकाला जे न्यायालयाच्या आधाराने मिळाले, ते तिसरीतल्या मुलाने कोणाच्या आधाराने मिळवावे?

महाराष्ट्रात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसऱ्याच्याच दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या प्रसंगीच्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती आदी देवतांना देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळणाऱ्या घरातील मुलाला शाळेत आरतीला उभे केले, तर त्याला एक तर गुरुजींचा शब्द मोडावा लागतो, नाहीतर आजोबांचा. शाळेने कोणत्याही मुलाला अशा पेचात टाकू नये.

यात श्रद्धावंतांचेही हित आहे. वारकरी संतांनी बाह्य उपचारांपेक्षा अंतरीच्या भावाला मोठे मानले. हजेरीपटाच्या धाकाने केलेल्या पूजेत तो भाव कोठून यावा? पाढ्यांसारखी घोकून घेतलेली प्रार्थना परीक्षेनंतर पाढ्यांसारखीच विसरली जाण्याचा संभव अधिक.

याउलट सणांचे ज्ञान देण्यास वर्गाइतकी योग्य जागा नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. पंचांगात साधारणतः ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो व हा फरक भरून निघतो. म्हणून गणेशचतुर्थी पावसाळ्याच्या उत्तरार्धातच येते. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. म्हणून रमजान ईद सर्व ऋतूंतून फिरते. एका धड्यात दोन घरांचे सण उलगडतात आणि गणितही शिकून होते. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यास चालना का दिली, हा इतिहासाचा धडा आहे; पत्रीतील वनस्पती ओळखणे हा विज्ञानाचा. हे शिकताना कोणालाही हात जोडावे लागत नाहीत आणि वर्गाबाहेरही जावे लागत नाही.

दसऱ्याच्या सुटीपूर्वी शिक्षकांनी फळ्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती जरूर काढून दाखवावी, विद्येला दैवत मानणाऱ्या परंपरेचा अर्थ सांगावा, आणि शेजारी १९५६ हे सालही लिहून त्याची हकीकत सांगावी. पाटी पुजायची की नाही, हे मुलाने घरी आपल्या माणसांत ठरवावे.