अपेंडिक्सच्या गाठी : पाच वर्षांच्या पलीकडचा हिशेब

कर्करोगाचा रुग्ण पाच वर्षं तगला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. अपेंडिक्सच्या श्लेष्म तयार करणाऱ्या दुर्मीळ गाठींपुढे हा मापदंड तोकडा पडतो. गाठ फुटते, जेलीसारखा चिकट द्रव पोटभर पसरतो आणि वर्षानुवर्षं साचत राहतो. हा आजार म्हणजे स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी. तो यकृतात किंवा फुफ्फुसात सहसा शिरत नाही. पोटातली जागा व्यापून आतडी आवळतो.

१८८४ मध्ये वेर्थ यांनी त्याला हे नाव दिलं, ते अंडाशयाच्या गाठीच्या संदर्भात. त्यामुळे स्त्रियांमध्ये दोष बराच काळ अंडाशयाच्या माथी राहिला. बहुतेकींमध्ये मूळ अपेंडिक्समध्येच असतं, हे १९९०च्या दशकातल्या पेशीतपासण्यांनी दाखवून दिलं.

तोवर उपचाराची रीत ठरलेली होती : पोट उघडायचं, निघेल तेवढी जेली काढायची, पुन्हा साचली की पुन्हा उघडायचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९४ मध्ये आपल्या ५६ रुग्णांचा दीर्घ हिशेब मांडला. पाच वर्षांनी ५३ टक्के हयात होते, दहा वर्षांनी ३२. पहिल्याच आकड्यावर थांबलं असतं, तर पुढची घसरण दिसलीच नसती.

वॉशिंग्टनचे शल्यविशारद पॉल शुगरबेकर यांनी रोख बदलला. रोग बसलेलं पोटाचं अस्तर सोलून काढायचं, गरजेप्रमाणे आतड्याचा भाग, प्लीहा, पित्ताशयही काढायचं आणि मग सुमारे ४२ अंश तापवलेलं केमोचं औषध पोटात खेळवायचं. शस्त्रक्रिया दहा-दहा तास चाले. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला ब्रेंडन मोरन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ही वाट धरली. त्यांच्या पहिल्या हजार रुग्णांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. ७३८ जणांचा रोग पूर्ण निघाला; त्यांच्यातले ८७ टक्के पाच वर्षांनी आणि ७० टक्के दहा वर्षांनी जिवंत होते. ज्यांचा पूर्ण निघाला नाही, त्यांच्यात हेच आकडे ३९ आणि ८. दरम्यान २०१२ मध्ये १६ केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात निम्म्या रुग्णांचं आयुष्य १६ वर्षांहून अधिक निघालं. मात्र दोन टक्के उपचारातच दगावले आणि साधारण चौघांपैकी एकाला गंभीर गुंतागुंत सोसावी लागली.

हे सारं यश एका तंत्राच्या खात्यावर टाकता येत नाही. रोग पूर्ण निघतो तो बहुधा मुळातच सौम्य आणि कमी पसरलेला असतो. शिवाय जुनी आणि नवी रीत चिठ्ठ्या टाकून समोरासमोर तपासलेली नाही. गरम औषधाचा वाटा किती आणि चिकाटीने केलेल्या सफाईचा किती, हा वाद म्हणूनच शिल्लक आहे. पेशी आक्रमक असतील, तर निकाल आजही बराच वाईट लागतो.

पूर्ण सफाईनंतरही सुमारे चौघांपैकी एकाचा रोग परततो, कधी कित्येक वर्षांनी. तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया शक्य झालेले रुग्ण बाकीच्यांपेक्षा जास्त जगल्याचं दिसलं आहे. पण त्यासाठी रोग वेळेत सापडायला हवा. म्हणून पाच वर्षं निभावल्यावर सीटी स्कॅन आणि रक्तातल्या खुणांची तपासणी बंद करणं परवडत नाही. या आजारात पाचव्या वर्षी फार तर अर्धा हिशेब झालेला असतो.